येऊरच्या सावलीत जमिनीलगत वाढणारी हिरवी झाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जाऊन आले की फोटो बघून तेच तेच प्रश्न येतात, आणि दरवेळी तुकड्या-तुकड्यात उत्तर देताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळे इथे एकत्र केलेत. नंबर दिलेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता येईल.

१. ग्राउंडकव्हर म्हणजे नक्की काय? गवत पण त्यात येतं का?

जमिनीलगत पसरून माती झाकणारं कुठलंही झाड. साधारण घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीचं धरा. त्यात सरपटणाऱ्या वेली आल्या, नेचे म्हणजे फर्न आले, शेवाळ आलं, आणि हो, गवतही आलं, पण सावलीतलं गवत वेगळं असतं, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

२. येऊरचं जंगल उन्हाळ्यात तर वाळून कोळ होतं, मग तिथे सदाहरित काय असणार?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि बरोबर प्रश्न आहे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग, उद्यान सुमारे १०४ चौरस किमीचं, आणि बहुतेक जंगल पानगळीचं. साग, ऐन वगैरे उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतात. म्हणजे होतं काय, की पावसाळ्यात जमिनीवर गर्द सावली असते आणि नेमकं एप्रिल-मे मध्ये, जेव्हा सावली हवी असते तेव्हा, सरळ ऊन जमिनीवर पडतं, त्यात खाली काळा कातळ आणि त्यावर वीतभर माती. अशा ठिकाणी जमिनीवरची बहुतेक झाडं एक युक्ती करतात, वरचा पाला सोडून देतात आणि कंदाच्या रूपात मातीखाली जाऊन बसतात. शेवळ, रानहळद, काळी मुसळी, कळलावी, पेव, सगळी याच जातकुळीतली. मेच्या शेवटी-जूनमध्ये ठाण्याच्या जांभळी नाक्यावर आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या आणि सोबत शेवळाची खाज मारायला काकडं ही आंबट फळं घेऊन बसतात ना, ते शेवळ म्हणजे वर्षातले बरेच महिने जमिनीखाली झोपलेला कंद, पाऊस येतोय म्हटल्यावर डोकं वर काढणारा.

मग सदाहरित कुठे? जिथे उन्हाळ्यातही सावली आणि ओल टिकते तिथे. ओहोळाच्या दोन्ही काठांना, उत्तरेकडे तोंड असलेल्या घळीत, आणि आंबा, जांभूळ अशा पानं एकदम न गाळणाऱ्या मोठ्या झाडांखाली. या जागा छोट्या आहेत, कधी कधी एका खोलीएवढ्या, पण त्याच बघायच्या आहेत.

३. बघायला कधी यायचं? पावसाळ्यात किती हिरवं असतं!

पावसाळ्यात जरूर या, पण ओळख करून घ्यायला मे महिन्यात या. जुलैमध्ये सगळंच हिरवं असतं त्यामुळे काही कळत नाही, आठ दिवसांचं रोपटं आणि आठ वर्षांची वेल शेजारी शेजारी सारखीच टवटवीत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सातला ओहोळाच्या काठाने चालत जा, पाय वाळलेल्या सागाच्या पानांवर कुरकुर वाजतात आणि मग अचानक एका वळणावर आवाज बंद होतो, कारण खाली ओलसर मऊ हिरवं असतं. तिथे थांबा. खरं सदाहरित काय आहे ते त्या वळणावर कळतं. मी तर म्हणेन की जी जागा मे मध्ये बघितली तीच परत ऑगस्टमध्ये बघा, दोन्ही फोटो शेजारी ठेवा, तेवढ्यानेच निम्मं शिकून होतं.

ठाणे स्टेशनवरून टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस येऊरला जाते. आतल्या जंगलवाटांना वनखात्याची परवानगी लागते, ती घेऊनच जा.

४. अगदी नवीन आहे. पहिलं झाड कुठलं ओळखायला शिकू?

कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी. ओहोळाकाठी, विहिरीजवळ, सांडपाणी मुरतं तिथे, ओल आणि हलकी सावली असेल तिथे सापडतो. पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, रुपयाच्या नाण्याएवढं किंवा थोडं मोठं, कडेला बारीक गोलसर दाते, आणि सगळ्या शिरा देठ जिथे लागतो त्या एकाच जागेवरून पंख्यासारख्या निघतात. गुडघे टेकून बघा, पानांच्या खाली जमिनीलगत लालसर दोरीसारखे धावते फुटवे दिसतील, प्रत्येक पेरावर मुळं आणि पानांचा झुपका. फुलं इतकी बारीक आणि पानांखाली दडलेली असतात की वर्षानुवर्षं झाड बघणाऱ्यांनीही ती बघितलेली नसतात. गुलाबीसर, दोन-तीन एकत्र. पान बाजूला सारलं तरच दिसतात.

५. कारिवणा म्हणजेच ब्राह्मी का? नर्सरीवाले वेगळंच काहीतरी देतात.

दोन वेगवेगळ्या झाडांना आपल्याकडे ब्राह्मी म्हणतात, म्हणून हा घोळ. एक कारिवणा, वर वर्णन आलंय. दुसरी जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी, तिची पानं बारीक, जाडसर, चमच्यासारखी, समोरासमोर लागलेली, फुलं पांढरी किंवा फिकट जांभळी पाच पाकळ्यांची, आणि तिला पाणथळ जागा आणि ऊन लागतं. जंगलाच्या सावलीत ती शोधू नका.

आणखी दोन फसवणारी आहेत. उंदीरकानी, पान कारिवण्यासारखंच वाटतं पण फूल लागलं की लगेच कळतं, छोटं पिवळं घंटेसारखं, पानाच्या बगलेत. आणि नर्सरीत मिळणारी ती गोल छत्रीसारख्या पानाची कुंडीतली शोभेची वनस्पती, तिचा देठ पानाच्या बरोबर मध्यावर खालून लागतो, छत्रीच्या दांड्यासारखा. कारिवण्याचा देठ पानाच्या खाचेत, कडेला लागतो. एवढं एक बघितलं तरी चूक होत नाही. ती छत्रीवाली अमेरिकेकडची आहे, इथली नाही.

खाण्याबद्दलही विचारतात. कारिवण्याची चटणी करतात हे खरं, पण ओहोळाकाठचा तोडून खाऊ नका, वरच्या अंगाला काय सोडलंय ते आपल्याला दिसत नाही. घरी कुंडीत लावा आणि तो खा. औषध म्हणून घ्यायचं असेल तर वैद्यांना विचारून.

६. उपळसरी कशी ओळखायची? मला प्रत्येक वेळी वेगळी पानं दिसतात.

कारण तिची पानं खरंच वेगवेगळी असतात! एकाच वेलीवर खाली लांब, अरुंद, गवतासारखी आणि पुढे रुंद लंबगोल, त्यामुळे पानाच्या आकारावर जाऊ नका. तीन गोष्टी बघा. पानं समोरासमोर, गडद हिरवी, आणि मधल्या शिरेच्या बाजूने पांढरट पट्टा, जणू कोणी बोटाने चुना ओढलाय. वेल तारेसारखी बारीक आणि चिवट, पेरावर किंचित फुगीर. पान तुटलं तर दुधासारखा चीक. सुरुवातीला ती जमिनीवरच सरपटते, आधार मिळाला की वर चढते.

हिचं दुसरं नाव अनंतमूळ, आणि मूळ हीच खरी ओळख. पण मूळ उकरायचं नाही, हे अगदी कळकळीने सांगते. मुळासाठी उपटून उपटून वाटेच्या जवळची उपळसरी कमी होत जाते हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, पूर्वी एका वळणावर ती इतकी दाट होती की पाय ठेवताना विचार करायचे. मला वास मिळाला तो एका पावसाळ्यानंतर, पायवाटेची कड ढासळून एक मूळ उघडं पडलं होतं, पेन्सिलीएवढं, लालसर तपकिरी, वाकडंतिकडं. नाकाजवळ नेलं आणि व्हॅनिलाचा वास! दक्षिणेकडे नन्नारीचं सरबत पितात ते याच मुळाचं. मी ते परत मातीत दाबलं. वास बघायचाच असेल तर काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेलं मूळ मिळतं.

७. थंडीत जमिनीजवळ गर्द निळी फुलं दिसली, पानं हिरवीगार. कोण?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्ये आणि सावलीत असेल तर बहुतेक दशमुळी. हिला रान अबोली पण म्हणतात. निळ्या-जांभळ्या फुलांचा तुरा, तुऱ्यातल्या प्रत्येक फुलाखाली फिकट पानासारखा भाग आणि त्यावर हिरव्या शिरांची ठसठशीत जाळी. फुलं शिळी होताना लालसर जांभळी होतात म्हणून एकाच तुऱ्यावर दोन रंग दिसतात. सगळं जंगल पिवळं पडत असताना ही फुलते, म्हणून मला फार आवडते. आयुर्वेदातलं दशमूळ म्हणजे ही नव्हे, ती दहा वेगवेगळ्या झाडांची मुळं.

ही पूर्ण सदाहरित म्हणता येणार नाही. घळीत असेल तर उन्हाळाभर पानं धरून ठेवते, उघड्या उतारावर मरगळते. याचं कारण प्रश्न १७ मध्ये.

८. नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके आहेत, कीड लागली का? आणि नेचे तर सगळे बारमाही हिरवे असतात ना?

कीड नाही, ते बीजाणूंचे पुंजके. नेच्यांना फुलं-बिया नसतात, बीजाणूंवरच पुढची पिढी. उलट ते ठिपके म्हणजे ओळखीची खूण आहे, काहींमध्ये गोल टिकल्या, काहींमध्ये पानाच्या कडेने सलग रेघ, काहींमध्ये कड दुमडून त्याखाली लपवलेले. फोटो पाठवताना पानाच्या मागचा फोटो पाठवाच, त्याशिवाय नाव सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. पायवाटेच्या कडेच्या मातीच्या भिंतीवर जो नाजूक, पंख्यासारख्या पानांचा नेचा पावसाळ्यात लोंबतो, ज्याचं पान टोकाने जमिनीला टेकलं की तिथून नवीन रोप फुटतं, तो पाऊस संपला की थोड्याच दिवसांत वाळतो. चांदीचा नेचा, ज्याचं पान हातावर दाबलं की पांढरा छापा उठतो, तो पण कोरड्यात आक्रसून जातो. बारमाही हिरवे राहतात ते पाण्याजवळचे, दगडांच्या फटीतले. एक गंमत बाशिंगाची, तो मोठा नेचा झाडांवर आणि खडकांवर असतो म्हणून खरं तर या यादीत यायला नको, पण विचारतात सगळे. त्याला दोन प्रकारची पानं असतात, लांब हिरवी, आणि बुंध्याशी छोटी तपकिरी, कागदासारखी. ती तपकिरी पानं टाकाऊ नाहीत, त्यांच्यात पालापाचोळा साठतो, तेच त्याचं खत. कृपया साफ करायला म्हणून ती काढू नका.

९. दाट सावलीत लाटा-लाटांच्या पानांचं बुटकं गवत दिसतं, ते काय?

ओप्लिस्मेनस, सावलीतलं गवत. पान छोटं, रुंद, भाल्याच्या टोकासारखं, आणि त्यावर आडव्या लाटा, जणू साडीच्या निऱ्या धुतल्यावर नीट वाळल्या नाहीत. कुसळं चिकट असतात, घरी आल्यावर पँटच्या खालच्या कडेला बारीक दाणे चिकटलेले दिसले तर हेच. याच्या काही जाती वर्षायू, म्हणजे एका वर्षात संपणाऱ्या, आहेत आणि काही बहुवर्षायू, त्यामुळे मे मध्ये तेच गवत एका ठिकाणी असेल आणि दुसरीकडे नसेल.

१०. मे मध्ये जमिनीवर हिरवं दिसलं म्हणजे ते ग्राउंडकव्हरच ना?

नाही, आणि इथे चांगले जाणकारही चुकतात. मे मध्ये जमिनीवर जे हिरवं दिसतं त्यात बरीचशी मोठ्या झाडांची आणि वेलींची पोरं असतात. अंजनीचं रोप वर्षानुवर्षं वीतभर उंचीचं राहू शकतं. ओळखायचं असं, की बुंधा एकच आणि सरळ आहे का, खाली लाकूडपणा आलाय का, आणि पेरापेरावर मुळं फुटतायत का. पसरणारं झाड आडवं जातं आणि जागोजागी मुळं धरतं. झाडाचं पोर एका जागी उभं राहून वर बघत असतं.

११. कारवी यात येते का?

नाही, ती झुडूप आहे, माणसाच्या उंचीची होते. पण सावलीच्या खालच्या थरावर तिचा मोठा हात आहे. दर ८ वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि मरते, येऊरला २०१६ मध्ये फुलली होती. ती मेल्यावर जमिनीवर एकदम उजेड येतो आणि एक-दोन वर्षं खालचं सगळं चित्र बदलतं. म्हणून एकाच जागेच्या जुन्या नोंदी ताडून बघताना कारवीचं वर्ष लक्षात ठेवा.

१२. हिरवं आहे, पसरतंय, सावलीत आहे, पण देशी नाही, हे कसं ओळखायचं?

पान बघून देशी-विदेशी कळत नाही, एकेक ओळखूनच घ्यावं लागतं. येऊरला बंगल्यांच्या मागे, जिथे बागेचा कचरा कुंपणाबाहेर टाकतात, तिथे हमखास सापडणारी मंडळी सांगते. मनीप्लांट, मूळचा पॅसिफिकमधल्या बेटावरचा. सिंगोनियम, बाणासारख्या पानाचं, अमेरिकेतलं. जांभळ्या-चंदेरी पट्ट्यांची ट्रॅडेस्कँशिया, तीही तिकडचीच. वेडेलिया, पिवळ्या डेझीसारख्या फुलांची. भिंतीच्या ओलीत उगवणारं, पारदर्शक देठाचं, हृदयाच्या आकाराच्या पानाचं पेपेरोमिया. आणि जरा उजेड असेल तिथे रानमोडी आणि घाणेरी.

वेडेलियाबद्दल थोडं जास्त बोलते कारण ते आमच्या डोळ्यांसमोर झालं. सोसायटीच्या मागच्या बाजूला डोंगराची कड येते, तिथे कंत्राटदाराने वेडेलिया लावलं, छान दिसतं, पाणी लागत नाही म्हणून. तिसऱ्या पावसाळ्यात ते भिंत ओलांडून ओहोळाच्या काठाला लागलं आणि जिथे कारिवण्याची चादर होती तिथे आता गुडघाभर वेडेलियाची गादी आहे, खाली हात घातला तर नुसती काळोखी माती. आम्ही चार जणींनी दोन रविवार उपटलं, एकेक तुकडा गोळा करून पोत्यात भरला कारण तुकडा पडला की तिथे परत रुजतो. कारिवणा अजून पूर्ण परत आलेला नाही. कुंपणाबाहेर बागेचा कचरा टाकू नका, खरंच.

१३. एकच छोटं रोप घरी आणलं तर काय बिघडलं?

येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून झाड, फांदी, मूळ काहीही काढायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, प्रश्न २ मध्ये म्हटलं तसं या जागा खोलीएवढ्या आहेत आणि रविवारी तिथून किती जण जातात ते तुम्हीच बघता. शिवाय घळीतलं रोप चौथ्या मजल्याच्या ग्रिलमध्ये टिकत नाही.

१४. मग सोसायटीत झाडांखाली काय लावू? लॉन टिकतच नाही.

टिकणारच नाही, दूर्वांना ऊन लागतं. आंब्याखाली दरवर्षी लॉनच्या गाद्या आणून अंथरणं थांबवा. नर्सरीतून कारिवणा घ्या, ओल असेल तर काही महिन्यांत चादर धरतो. पिंपळी लावा, तीच औषधातली, पान हृदयाच्या आकाराचं चकचकीत, जमिनीवर पसरत पेरापेराला मुळं धरते, सावलीत खूश. थोडं ऊन येत असेल तर रानमेथी, ती बहुतेक ठिकाणी आपोआपच आलेली असते आणि आपण तण म्हणून उपटतो. उपळसरी कुंपणाला. माळीकाकांना आधी दाखवून ठेवा नाहीतर सगळं साफ होईल. आणि पडलेला पाला झाडून जाळू नका, तिथेच राहू द्या, सावलीतल्या झाडांचं तेच अंथरूण.

व्हिडिओत आयव्ही आणि व्हिंका दाखवतात ती थंड देशांतली झाडं, आपल्या मे महिन्यात त्यांचे हाल होतात. आपल्याकडे व्हिंका म्हणून देतात ती सदाफुली, ती मादागास्करची आणि तिला ऊन लागतं.

१५. नवी मुंबईत राहतो, येऊर लांब पडतं. जवळ काय आहे?

पारसिक आणि खारघरचे डोंगर बरेचसे उघडे, गवताळ, आणि उतारांवर लावलेली गिरिपुष्पं, त्यामुळे सावलीतलं फारसं नाही, घणसोलीच्या गवळीदेवला मात्र ओहोळाच्या काठाने बघा. वेळ असेल तर सरळ कर्नाळा गाठा, पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा महामार्गालगत, सुमारे १२ चौरस किमीचं अभयारण्य. लोक पक्ष्यांसाठी मान वर करून चालतात, तुम्ही खाली बघत चाला, किल्ल्याच्या वाटेवर सुरुवातीलाच छान सावली आहे.

१६. अ‍ॅपने नाव सांगितलं, ते बरोबर असतं का? आणि सापांची भीती वाटते.

अ‍ॅप सुरुवात म्हणून ठीक, पण फक्त पानाच्या फोटोवर ते अंदाज बांधतं. निदान चार फोटो घ्या, पूर्ण झाड, पान पुढून, पान मागून, आणि पेर जिथे पान लागतं ती जागा, शेजारी एक नाणं ठेवून. तारीख आणि जागेचं वर्णन लिहा, ओल होती का, वर कुठलं झाड होतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकलं तर दुसरी माणसं तपासतात.

साप आहेतच, घोणस, फुरसं आणि चापडा, तिन्ही विषारी. फुरसं तर पाचोळ्यात समोर असून दिसत नाही. घोट्याच्या वरचे बूट, काठीने आधी पाचोळा हलवायचा, आणि न बघता हात कुठेही घालायचा नाही, मी वर पान बाजूला सारा म्हटलंय तेही काठीने. एकटं जायचं नाही.

१७. एकच झाड, एका ठिकाणी मे मध्ये हिरवं, पन्नास पावलांवर पूर्ण वाळलेलं. मग ते सदाहरित की नाही?

आपल्या भागात सदाहरितपणा झाडाच्या जातीइतकाच जागेचाही असतो. झाड पानं टाकतं ते पाणी वाचवायला. घळीत कातळाच्या फटीतून झिरपा चालू असतो, वर जांभळाची सावली असते, तिथे दशमुळीला पानं टाकायची गरज पडत नाही. तीच उतारावर सागाखाली असेल तर मार्चमध्ये वरची सावली जाते आणि तिला पानं सोडावीच लागतात. म्हणून नोंद करताना नुसतं सदाहरित असं लिहू नका, तारीख, जागा आणि हिरवं की वाळलेलं असं लिहा.

याची एक उलटी बाजू पण आहे. एखाद्या घळीत दरवर्षी मे मध्ये हिरवी असणारी दशमुळी किंवा कारिवणा एखाद्या वर्षी वाळला, तर आधी वर बघा, मोठं झाड पडलंय का, मग ओहोळाच्या वरच्या अंगाला जाऊन बघा, पाणी कोणी वळवलंय का. गेल्या उन्हाळ्यात एका जागी असंच झालं, कारिवणा पूर्ण पिवळा पडला होता, वर गेलो तर झिऱ्याच्या तोंडालाच काळा पाइप बसवलेला. वनखात्याला फोटो आणि जागा कळवली. यंदा मे मध्ये तिथेच परत जाणार आहे.